लूमच्या माडीवरचा सिनेमा

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की किराणाची यादी पाठवली तर वाणी निम्म्या वस्तू परत विचारून घेतो. ही वही नातीची, अर्धी कोरी राहिलेली. कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कधी कुणाच्या हाती लागलीच तर चुका दिसतील, त्या माझ्या. माडीवर सिनेमा दाखवायचे त्या सरांनी मला लिहायला शिकवलं नाही. काय शिकवलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून तर लिहून बघते आहे.

परवा माडीवरचा हॉल झाडायला काढला. भिंतीवरचा पडदा अजून तसाच होता. पडदा म्हणजे आमच्याच लूमवरचं कोरं कापड, दोन पन्हे जोडून शिवलेलं. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ आहे. विणताना उभा धागा तुटला आणि कारीगराच्या ध्यानात आलं नाही की अशी रेघ पडते. त्या पडद्यावर आम्ही जेवढे सिनेमे पाहिले त्या सगळ्यांत ती रेघ होती. समुद्र असो, बर्फ असो, परदेशातला राजवाडा असो, डावीकडे आमची रेघ. पडदा उतरवायला मी स्टुलावर चढले, थोडा वेळ हात लावून उभी राहिले, आणि तशीच खाली येऊन वही शोधली.

आमचं घर भिवंडीत, नारपोलीला. खाली लूमचा कारखाना, मागच्या बाजूला आम्ही राहतो, वर हॉल. विद्यापीठानं सिनेमा शिकवायचा विभाग काढला तेव्हा त्यांची इमारत व्हायची होती. तोवर भाड्याची जागा हवी म्हणून सर बघायला आले. ते त्या विभागाचे मुख्य. उंच, वाळके, पँट घोट्याच्या वर, खांद्याला कापडी पिशवी. जिन्याशी चपला काढल्या, हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटले.

आमचे हे खरं बोलणारे. म्हणाले, "सर, आधीच सांगतो. खाली लूम हायेत. शुक्रवार सोडला तर बंद न्हाय होत. मागं एक क्लासवाला आला व्हता, आठ दिवसांत पळाला. पोरांना ऐकू कसं जानार?"

सर डोळे मिटूनच म्हणाले, "पायाला छान लागतंय."

लूम चालू असल्या की वरची फरशी बारीक थरथरते. आम्हाला ते जाणवत नाही. लूम बंद पडल्या की मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. सरांना पहिल्याच दिवशी ते पायातून कळलं आणि त्यावरच त्यांनी जागा घेतली. रात्री जेवताना हे म्हणाले, "भाडं चांगलं देतोय, पन मानूस डोक्यानं बेताचाच हाय."

चपलांचा नियम तेव्हापासूनचा. सिनेमा बघायला येणाऱ्यानं चपला-बूट जिन्याशी काढायचे. मुंबईहून आलेल्या पोरी कुरकुरायच्या. सर म्हणायचे, "निम्मा सिनेमा पायानं बघायचा असतो." असं काही बोलले की ते हसत नसत, त्यामुळे ते गमतीनं बोलले की खरंच, हे कुणालाच कळत नसे.

त्यांचे सगळे नियम असेच. सिनेमाचं नाव ते कधी सांगायचे नाहीत. जिन्यापाशी कागद लागायचा, त्यावर वार आणि वेळ, आणि खाली मोठ्या अक्षरात 'या'. एवढंच. नाव का नाही, असं ह्यांनी एकदा विचारलं. सर म्हणाले, "शेठ, नाव सांगितलं की माणूस नावच बघत बसतो."

सिनेमा चालू असताना ते पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचे आणि आमच्याकडे बघायचे. पहिले काही दिवस फार अवघड वाटलं. पडद्यावर कोणी रडतंय आणि इकडे हा माणूस तुमच्या तोंडाकडे बघतोय. पदर डोळ्याला लावायचीही चोरी. एका विद्यार्थिनीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "सिनेमा मी पाहिलेला आहे. तुम्हाला पाहिलेलं नाही."

आणि तिकीट. तिकीट दहा रुपये, सगळ्यांना. विद्यार्थ्यांना, कारीगरांना, मला, ह्यांना. स्वतः सर पण स्वतःच्या एका खिशातून दहा काढून दुसऱ्या खिशात ठेवायचे आणि स्वतःचं तिकीट स्वतः फाडायचे. सिनेमा संपला की चहा. चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग सर एकेकापुढे जाऊन विचारणार, "काय पाहिलंत?" आवडला, नाही आवडला, छान होता, हे चालायचं नाही. काय पाहिलं ते सांगायचं. सांगितलं की नऊ रुपये परत.

"आणि एक?" असं पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण विचारी.

"एक माझ्याकडे राहू द्या. पुढच्या खेळाला या, तेव्हा बघू."

तो एक रुपया कुणाला कधी मिळाला नाही. सरांचं सगळीकडेच असं. रिक्षावाल्याला एक रुपया कमी द्यायचे, नाक्यावरच्या पानवाल्याकडे एक रुपया बाकी ठेवायचे, आमच्या चहाचे पैसे द्यायचे तेही एक कमी. मी नको म्हटलं तरी हिशेब करून एक कमीच द्यायचे. आमचा सगळ्यात जुना कारीगर उत्तर प्रदेशातला, त्याला सगळे चाचा म्हणतात. चाचा म्हणायचा, "सर ने एक-एक रुपये में आधी भिवंडी बाँध रखी है, भाभी." ह्यांनी एकदा सरांना तोंडावर विचारलं. सर म्हणाले, "हिशेब पुरता झाला की माणूस परत कशाला येईल, शेठ?" त्यावर हे घरी येऊन मला म्हणाले, "ज्या दिवशी सर सगळे पैसे देतील ना, त्या दिवशी समजायचं, गडी निघाला."

मी वर जायला लागले ती चहामुळे. चहा माझ्याकडून जायचा. पहिल्या दिवशी किटली ठेवून मी वळले तर सर म्हणाले, "वहिनी, तिकीट." मला वाटलं थट्टा. ते हात पुढे करून उभेच. मी खाली जाऊन डब्यातून दहा रुपये आणले, दिले आणि मागे भिंतीला टेकून बसले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, काही काम हातात न घेता दोन तास एका जागी बसले असेन तर ती पहिली वेळ. सुरुवातीला हात काहीतरी शोधत होते. मग विसरले.

तो पहिला सिनेमा काळा-पांढरा होता. नदीकाठी एक बाई. पलीकडे जायला होडी यायची आहे. बाई कपडे धुते, वाळू घालते, पोराला भरवते, आणि सबंध वेळ बोलत असते. नावाडी येतो, माणसं नेतो, आणतो. बाईचा नंबर काही लागत नाही. शेवटी होडी निघून जाते आणि बाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसते. चहा झाल्यावर सर माझ्यापुढे आले. "वहिनी, काय पाहिलंत?"

मी किटलीकडे बघत राहिले. चार माणसांत तोंड उघडणं मला लहानपणापासून जमत नाही. हळदीला बायका गाणी म्हणतात, त्यातही मी ओठ हलवते फक्त. सरांनी घाई केली नाही. मग म्हणाले, "बरं. तुमचे दहा माझ्याकडे जमा."

पुढे मी जवळजवळ प्रत्येक खेळाला गेले, आणि प्रत्येक वेळी माझे दहा जमा झाले. हे चिडवायचे. "चहाचे पैसे सर देतात, नि तू ते त्यांनाच नेऊन देतेस. धंदा चांगला हाय."

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लूमवर काम करणाऱ्याला कानाचा उपयोग नसतो. कारखान्यात दोन माणसं तोंडाशी तोंड लावून ओरडली तरी ऐकू जात नाही. म्हणून सगळे ओठ बघून बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, घरून फोन होता, सगळं ओठांवर. सासूबाईंनी पहिल्या महिन्यात मला स्वयंपाकाआधी हेच शिकवलं. जेवायला हाक मारायची तर दारात उभं राहून आवाज न करता 'जेवण' म्हणायचं. आवाज केला तरी फुकटच जायचा.

तर सरांच्या सिनेमात आम्हाला अडचण कधी आली नाही. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी सिनेमातली माणसं बोलायची ते सगळं ऐकू यायचं. इतर दिवशी खालचा आवाज एवढा की त्यांचं बोलणं त्यात बुडून जायचं. मग आम्ही ओठ बघायचो. मधून मधून काळ्या पाट्या यायच्या, परक्या अक्षरांच्या, त्या जाहिरातीसारख्या सोडून द्यायचो. नाव नाही की गाव नाही, तरी कोण कुणाला काय म्हणालं हे आमच्यातला प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगायचा.

चाचा उठून म्हणायचा, "सर, वो नदीवाली बोली, पानी उतरे तब ले जाना."

मागून तेलुगू कारीगर म्हणायचा, "गलत. वो बोली, बच्चे को बुखार है."

"तेरे को क्या दिखा? तू तो खंभे के पीछे बैठा था."

"मैं खंभे के पीछे बैठता है, चाचा, मगर सोता नहीं."

सर दोघांनाही नऊ-नऊ रुपये द्यायचे. एकदा एक विद्यार्थिनी फुसकन हसली आणि म्हणाली, "सर, पण हा सिनेमा तर..." सरांनी तिला हातानंच थांबवलं. "तुला ऐकू आलं?"

"नाही, सर."

"त्यांना आलंय. ऐक."

मला वाटलं, पोरगी शहरातली, तिला ओठ वाचता येत नाहीत, म्हणून लाजून हसली.

मला एकच कोडं होतं. शुक्रवारी लूम बंद असतात, सगळं नीट ऐकू येतं, तर सगळे सिनेमे शुक्रवारीच का दाखवत नाहीत? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "भाडं महिन्याचं भरतात, मंग हॉल शुक्रवारचाच कशाला वापरतील?" ते मला पटलं.

वर्षातून एकदा महोत्सव व्हायचा. तीन दिवस सिनेमे, बाहेरगावचे विद्यार्थी, जिन्यात चपलांचा ढीग. पहिल्या वर्षी विद्यापीठातून निरोप आला की प्रमुख पाहुणे म्हणून कोणीतरी मोठं बोलवा. सरांनी वीज कार्यालयातल्या वायरमनला बोलावलं. तो बिचारा ड्युटीच्या कपड्यांत आला, कमरेला पक्कड. त्याला वाटलं लाइन गेली आहे. सरांनी त्याला खुर्चीत बसवलं, नारळ दिला आणि उभं राहून सांगितलं, "ह्यांच्या मनात असेल तरच महोत्सव होईल. बाकी आपण सगळे नंतर." वायरमननं भाषण केलं नाही. म्हणाला, "तीन दिवस मी इथंच बसतो." आणि खरंच बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्यूज गेला तर पडदा काळा होऊन आम्ही अरे म्हणेपर्यंत परत उजेड. त्याला काय पाहिलंत विचारलं तर म्हणाला, "त्या सिनेमात गावात खांब आहेत, पण तारा कुठंच जोडलेल्या नाहीत." सर एवढे खूश झाले की दोनदा हात मिळवला. रुपये मात्र नऊच.

हे सगळं चालत राहील असं मी धरूनच चालले होते. भात लावला की उगवतो तसं, सोमवार-बुधवार-शुक्रवार आला की वर दिवा लागणार आणि मी किटली घेऊन जाणार. मग एक दिवस सर खाली आले आणि ह्यांना म्हणाले, "शेठ, विद्यापीठाची कमिटी येणार आहे. जागा योग्य आहे का बघायला."

वडपे गावाच्या अलीकडे, हायवेच्या गोदामांच्या मागे, विद्यापीठाची इमारत तयार झाली होती. विभाग तिकडे न्यायचा की इथंच ठेवायचा, ते कमिटी ठरवणार होती. सरांचं म्हणणं होतं, वर्ग तिकडे जाऊ देत, पण खेळ आमच्या हॉलवरच राहावेत. तिकडे गेले तर नारपोलीचं माणूस बघायला येणार नाही, आणि मग कुणाकडे बघत बसायचं. ते मला काहीच म्हणाले नाहीत. पण मी मनात धरलं की हॉल गेला तर माझं बसणं गेलं. ह्यांना भाड्याची काळजी नव्हती, हॉल सुतासाठीही लागला असता. माझ्या काळजीचं मात्र मी कुणाला सांगणार?

हे म्हणाले, "त्यांना शुक्रवारी बोलवा ना. लूम बंद. शांतता. पास करून टाकतील."

"बुधवारी येतायत," सर म्हणाले.

"मंग मी बुधवारी दोन तास बंद ठेवतो. माझ्या लूम हायेत, कोन इचारतो?"

"नाही, शेठ. आपल्याकडे जसं दिसतं तसं दाखवायचं."

बुधवारी कमिटी आली. तीन माणसं, त्यातली एक बाई. चपला काढल्या, तिकिटं घेतली, एक गृहस्थ दहाची नोट काढताना जरा लाल झाले. मी खाली चहा टाकत होते. वरती सिनेमा सुरू झाला असेल नसेल आणि खाली लूम बंद झाल्या. एकदम. मला वाटलं लाइट गेली, पण दिवे चालू होते. दाराबाहेर आले तर हे मेन स्विचपाशी उभे, आणि मला डोळ्यानं खुणावतायत, गप राहा.

तेवढ्यात सर जिना उतरून आले. अनवाणी, भराभर. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"शेठ, सिनेमा का बंद केलात?"

"सिनेमा चालू हाय, सर. मी लूम बंद केली."

"तेच म्हणतोय मी."

हे गोंधळले. "अहो, तुमच्या भल्यासाठी केलं. त्या लोकांनी कानात बोटं घातलीत, मी जिन्यातून पाह्यलं."

"घालू देत. त्यांचे कान आहेत." मग सर इतक्या हळू म्हणाले की लूम बंद असूनही मला ओठच वाचावे लागले, "तुम्ही माझ्यासाठी केलंत, शेठ, ते कळलं मला. सुरू करा."

ह्यांनी स्विच वर केला. एकेक करत लूम लागल्या. सर पायरीवर उभे राहिले, फरशी थरथरायला लागली तसे वर गेले.

चहा झाल्यावर त्यांनी कमिटीला विचारलं, काय पाहिलंत. लाल झालेले गृहस्थ म्हणाले, उपक्रम स्तुत्य आहे. दुसरे म्हणाले, आवाजाचा फार त्रास होतो. बाई म्हणाल्या, "पडद्यावर डावीकडे एक रेघ आहे." सरांनी त्यांना नऊ रुपये दिले. त्या हसल्या, पण पैसे पर्समध्ये नीट ठेवले.

पुढच्याच महिन्यात पत्र आलं. आवाजामुळे जागा अयोग्य. वर्ग, खेळ, सगळं नव्या इमारतीत.

नव्या हॉलचं उद्घाटन महोत्सवानंच होणार होतं. सरांची नोकरीही त्याच सुमारास संपत होती, त्यांच्या जागी एक मॅडम आल्या होत्या, तरुण, मनानं चांगल्या. सरांनी त्यांच्याकडे एकच मागितलं, एक खेळ मी ठरवेन आणि माझी माणसं मी आणीन. कापडाचे तागे नेणारा आमचा टेम्पो सांगितला. त्यात चाचा, तेलुगू कारीगर, शेजारच्या दोन-तीन बाया, आणि मी. लूमवर कुणीतरी हवं म्हणून हे घरीच राहिले.

नव्या हॉलच्या दाराशी आम्ही चपला काढल्या. तिथला शिपाई म्हणाला, "अहो मावशी, इथं नाही काढायच्या, गालिचा आहे." कोणी ऐकलं नाही. तिथं प्रवेश फुकट होता. तरी सर दाराबाहेर तिकिटांचं बंडल घेऊन उभे होते. बाकी लोक आत जात होते, आम्ही मात्र दहा-दहा रुपये देऊन तिकीट घेतलं. सरही अनवाणी.

आत इतका थंडावा आणि इतकी मऊ खुर्ची की मी टेकलेच नाही. पाय गालिच्यावर ठेवले. खाली काहीच लागेना. दिवे गेले आणि पडद्यावर नदी आली. तोच सिनेमा, मी पहिल्यांदा पाहिला तो, सर दर वर्षी परत लावायचे तो. डावीकडे रेघ नव्हती. नदी एवढी स्वच्छ दिसत होती की दुसरीच वाटली.

बाई कपडे धुऊ लागली, बोलू लागली. मी कान दिला. इथं लूम नाही, आज ती काय बोलते ते सगळं ऐकायला मिळणार. एवढी वर्षं मी तिचे ओठ वाचत होते, काही शब्द लागायचे, काही निसटायचे. आज तिचा आवाज कळणार. मी पदर कानामागे सारला.

काहीच ऐकू येईना. माझ्या बाजूला चाचाही पुढे झुकला होता. थोड्या वेळानं तो मागं वळून हळूच म्हणाला, "आवाज नहीं आ रहा, भाई." मग मागून आमच्यातलाच कुणीतरी मोठ्यानं, "आवाज, आवाज." लोक हसले. मॅडम माइकवर आल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "हा मूकपट आहे. त्या काळी सिनेमाला आवाज नव्हता. याला आवाज नाहीच."

चाचा माझ्याकडे वळला. "नाहीच? तो भाभी, इतने साल हम लोग क्या सुन रहे थे?"

मी सरांकडे पाहिलं. ते पुढच्या कोपऱ्यात, पडद्याला पाठ करून बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला एक क्षण राग आला, आपल्याला बनवलं म्हणून. पण पडद्यावर बाई बोलतच होती, म्हणून मी पुन्हा तिच्याकडे बघू लागले. आणि मग शेवटपर्यंत नजर काढली नाही.

तिथं चहा सगळ्यांना कागदी कपात मिळाला. तो संपेपर्यंत आमची माणसं गप्प, बाकीचे बोलत होते. मग सर पुढे आले. "काय पाहिलंत?"

चाचासुद्धा मान खाली घालून कप चुरगाळत होता. एवढ्या बायका-पुरुषांपुढे मी कशी उठले, मला माहीत नाही. खुर्ची अशी होती की उठल्यावर तिची बसायची फळी आपोआप वर झाली आणि खाट्कन वाजली, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि मग परत बसायची सोय राहिली नाही.

"ती बाय सारा वेळ बोलत हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आमच्याकडं वाटायचं, आपल्या लूममुळं तिचं ऐकू येत न्हाय. वाटायचं, नावाड्याला ऐकू जात असंल. पोराला जात असंल. इथं लूम न्हाय. तरी न्हाय आलं. आज मी नावाड्याकडं बघितलं. तो तिच्या तोंडाकडं एकदाबी बघत न्हाय. ती त्यालाच सांगत हाय, पन तो बघतच न्हाय."

एवढं बोलून मी उभीच राहिले. चाचा म्हणाला, "सही बात है. नाववाला पानी को देखता है." मॅडम माइक हातात धरून रिकाम्या पडद्याकडे बघत होत्या. मला वाटतं, त्याही मनात तो नावाडी परत बघत असाव्यात.

बाहेर टेम्पोपाशी सर सगळ्यांचे पैसे देत होते. मी शेवटी गेले. एवढं बोलल्यावर भीड जरा कमी झाली होती, म्हणून विचारलं, "सर, आवाज नसतो हे तुम्ही आम्हाला सांगितलं का न्हाय?"

ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला तर येत होता." मग म्हणाले, "मी तीस वर्षं तो सिनेमा शिकवला. नावाडी कुठे बघतो ते मी बघितलं नव्हतं. मी पाठ करून बसतो ना."

त्यांनी माझ्या हातात नोट ठेवली. मी मूठ मिटली, आणि मग उघडून पाहिलं.

"सर, एक जास्त आला."

"बरोबर आहे."

"एक तुमच्याकडे राहू द्या. पुढच्या खेळाला..."

"घ्या, वहिनी," ते म्हणाले, आणि मी पुढं केलेला हात त्यांनी हलकेच माझ्याकडे सारला. तेव्हा मला दिसलं, चाचाच्या हातातही दहाची नोट होती, आणि तो ती उलटसुलट करून बघत होता.

घरी आले तेव्हा हे कारखान्याच्या दारात उभे होते. आत सगळ्या लूम चालू. चाचानं माझ्याआधीच आत जाऊन सांगून टाकलं होतं.

"बोललीस म्हनं," हे म्हणाले. ओठांवरच.

मी मान हलवली.

"मंग? मिळाले नऊ?"

मी मूठ उघडून नोट दाखवली. "दहा."

ते नोटेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांनी परत विचारलं, नीट ओठ उघडून, जसं एखादा शब्द चुकीचा वाचला असेल म्हणून आम्ही विचारतो तसं.

"सगळे?"

"सगळे," मी म्हणाले.